विषमावर्तनाचा आस्वाद

वृत्तविचार आपल्या पाठ्यक्रमातून जवळजवळ हद्दपार झाला आहे, अशी तक्रार मराठीच्या अध्यापकांच्या मेळाव्यात नेहमी ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु जेथे हा विषय उरला आहे तेथे तो कोणत्या रूपात उरला आहे हे पाहिले, म्हणजे त्या हद्दपारीबद्दल फार शोक करावा असे निदान प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ओळ घ्यावी, अक्षरांवर लघुगुरूंच्या खुणा कराव्यात, तीन तीन अक्षरांचे गट पाडावेत, त्यांखाली य-म-त-र अशी गणांची नावे मांडावीत, वृत्ताचे नाव लिहावे आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. या सर्व उद्योगात ती ओळ मोठ्याने म्हणण्याची वेळ कोणावरच येत नाही. मीही अनेक वर्षे असेच शिकवीत आलो. त्यात काही उणे आहे हे मला ज्या प्रसंगाने जाणवले तो साहित्याच्या प्रांतातला नव्हता. प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताच्या प्रांतातला तो होता. साहित्याच्या नियतकालिकात या संगीताची चर्चा करण्यास मी धजतो आहे ते एवढ्याच कारणाने.

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या बाजूंना मराठी वस्ती मोठी आहे. यंत्रमागांच्या आणि कापडधंद्याच्या ओढीने तापीच्या वरच्या खोऱ्यातून, म्हणजे खानदेशातून, आलेली ही माणसे. त्यांची मुले घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी व आमच्या बैठकीत मराठी बोलतात. शनिवारी सायंकाळी अशा सातआठ महाविद्यालयीन मुलांबरोबर मी काही वाचीत बसतो. त्यांच्यापैकी एकाचा गुजराती मित्रही अधूनमधून येतो. तो गझला लिहितो. एका शनिवारी भुजंगप्रयाताची लक्षणे सांगून झाली होती. मुले कंटाळली होती हे स्पष्ट दिसत होते. इतक्यात एकाने आपला मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, “सर, आता याच्या मात्रा सांगा ना.”

लहान झांजांसारख्या वाद्याचा किणकिणाट होता. काही लांब आघात, काही आखूड, आणि मग त्याच आघातांवर गिटार व ढोल यांची धडक. मी बोटे मोजू लागलो. चारांत बसेना, तिनांत बसेना. सातांत बसते आहे असा भरवसा येतो न येतो तोच निसटून जाई. तीन वेळा मी हरलो. तो गझल लिहिणारा मुलगा मात्र डोळे मिटून बसला होता. तो पुटपुटला, “आ तो गालगागा छे, पण छेल्ले तूटे छे.” म्हणजे ‘गालगागा’च आहे, फक्त शेवटी मोडते. मी बेरीज करीत होतो. त्याने अक्षरे ऐकली होती.

ती रचना ‘रश’ या कॅनडातील तिघांच्या वादकवृंदाची, ‘वाय-वाय-झेड’ या नावाची होती. १९८१ साली निघालेल्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या ध्वनिमुद्रिकेत ती आहे. हे नाव म्हणजे टोरांटो येथील विमानतळाची सांकेतिक अक्षरे होत. तारायंत्राच्या मोर्स लिपीत ही तीन अक्षरे जशी वाजतात तशीच ती या रचनेच्या आरंभी वाजविली आहेत. ‘वाय’ हे अक्षर त्या लिपीत दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ असे आहे. ‘झेड’ हे दीर्घ, दीर्घ, ऱ्हस्व, ऱ्हस्व असे. तारायंत्रात दीर्घ खूण ऱ्हस्वाच्या तिप्पट लांबीची धरतात आणि दोन अक्षरांच्या मध्ये विरामही असतो. वादकांनी विराम गाळला आणि दीर्घास दोनच मात्रा दिल्या. म्हणजे पिंगलाच्या शास्त्रात लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा देतात तोच हिशेब, आपल्या शास्त्राची वार्ताही नसताना, टोरांटोच्या या मंडळींनी केला. आता ती ओळ आपल्या लिपीत मांडून पाहावी : गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात आणि सहा. पहिले दोन गट म्हणजे व्योमगंगेचे अर्धे चरण होत. तिसऱ्या गटात तेच पाऊल ठेचाळते.

येथवर ही एक गमतीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. परंतु त्याच दुपारी फळ्यावर भुजंगप्रयाताचा चरण मांडलेला होता : लगागा, लगागा, लगागा, लगागा. त्याची अक्षरे बारा. आठ गुरू, चार लघू. एकूण मात्रा वीस. ‘वाय-वाय-झेड’च्या ओळीची अक्षरेही बारा, तिच्यातही आठ गुरू आणि चारच लघू, तिच्याही मात्रा वीसच! द्रव्य तेच, वजन तेच, बेरीज तीच. आणि तरीही एक चरण समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची पावले टाकीत जातो, तर दुसरा सराईत कानालाही तीनदा चकवतो. मी त्या ओळीचे गणही पाडून पाहिले. र-त-म-भ असे उत्तर आले. उत्तर बिनचूक आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही. कारण तीन तीन अक्षरांची ती कात्री सातांच्या दोन्ही गटांच्या मधूनच फिरते, आणि ज्या पुनरावृत्तीमुळे ती ओळ ओळ म्हणून ऐकू येते तीच नेमकी दृष्टीआड होते. वर्षानुवर्षे मी मुलांच्या हाती हीच कात्री देत आलो होतो.

या संगीताविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः इंग्लंडात उदय पावलेल्या या प्रकाराने रॉक संगीतातील ठरीव चार मात्रांची चौकट मोडून पाच, सात, नऊ अशा विषम मात्रांच्या रचना केल्या, लांबलचक बंध रचले, आणि आपल्याभोवती श्रद्धाळू व चेष्टेखोर असे दोन्ही प्रकारचे श्रोते गोळा केले. (‘प्रोग्रेसिव्ह’ला ‘पुरोगामी’ म्हणण्याचा मोह मी आवरला आहे, त्या शब्दावर आपल्याकडे आधीच पुष्कळ ओझी लादलेली आहेत.) या विषम मात्रांचा आनंद म्हणजे नेमके काय, याविषयी श्रोत्यांत दोन मते आढळतात. एक पक्ष म्हणतो की, हा केवळ अंकगणिताचा छंद आहे. कानाला न कळणारी गोष्ट बोटांनी मोजून सुख मानून घेण्यासारखा. दुसरा पक्ष आपल्याकडचा आहे, आणि तो म्हणतो की, झपताल, रूपक, धमार ज्यांच्या घरी शतकानुशतके नांदत आहेत त्यांना या पाश्चात्त्य नवलाईचे अप्रूप ते काय? पहिल्या पक्षाला ‘वाय-वाय-झेड’नेच उत्तर दिलेले आहे, तेथे मोजणारा हरला आणि ऐकणारा जिंकला. दुसऱ्या पक्षाशी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण त्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्याने तो स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

‘टेक फाइव्ह’ ही रचना घ्यावी. ती रॉक नव्हे, जॅझ आहे. परंतु पाच मात्रा जगभरच्या सामान्य श्रोत्याच्या कानी पडल्या त्या मुख्यतः तिच्यामुळे. पॉल डेझमंड याची ही रचना डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने १९५९ च्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेत वाजविली. त्याच्या आदल्या वर्षी, १९५८ साली, ही चौकडी अमेरिकी सरकारच्या वतीने तुर्कस्तान, भारत इत्यादी देशांत फिरली होती. मुंबईत ब्रूबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वादनही केले. ‘टेक फाइव्ह’मध्ये पियानो तीन आणि दोन अशा मात्रांचा एकच आकृतिबंध अखंड धरून असतो, आणि सॅक्सोफोन त्यावर तरंगतो. पाच, पुन्हा पाच, पुन्हा तेच पाच. झपतालातही पाचच आहेत. पण तेथे ते जोडीने येतात. दोन-तीन, दोन-तीन. पहिले पाच भरीचे. दुसऱ्या पाचांच्या तोंडाशी, सहाव्या मात्रेवर, खाली. त्यामुळे पहिल्या पाचांनी प्रश्न टाकावा आणि दुसऱ्यांनी हलक्या आवाजात तो परतवावा असे काहीसे घडते. ‘टेक फाइव्ह’ मोहक आहे. परंतु तिच्या पाचांना जोडीदार नाही, आणि म्हणून काही वेळाने ती झुल्यासारखी जागच्या जागी हलत राहते असे मला वाटते. येथे आपल्या परंपरेचा पक्ष बळकट आहे.

पण पुढे पाहावे. आपल्याकडे ताल एकदा धरला की सामान्यतः बंदिश संपेपर्यंत तो सुटत नाही. समेवर परतण्याचे जे सुख आपल्याला ठाऊक आहे ते या अभंग निष्ठेवर उभे आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकने आणलेली गोष्ट निराळी आहे. तेथे आवर्तनच मध्ये बदलते. सातांच्या वाटेवरून चाललेला श्रोता एकाएकी चारांच्या सडकेवर येतो. असा बदल केव्हा शोभतो आणि केव्हा शोभत नाही, याचा निवाडा करण्याची मापे आपल्या तालशास्त्रात मला सापडली नाहीत. ती छंदःशास्त्रात आणि काव्यसमीक्षेत शोधावी लागतात.

पिंक फ्लॉइड या इंग्रज वृंदाची ‘मनी’ ही १९७३ सालची रचना या दृष्टीने फार बोलकी आहे. तिच्या आरंभी नाणी खुळखुळण्याचे, कागद फाटण्याचे, दुकानातील गल्ल्याचे असे आवाज ध्वनिफितीचे तुकडे कापून व जोडून सातांच्या मापात बसविले आहेत. मोगलांची टांकसाळ ज्या शहरात होती त्या सुरतेत बसून हा आवाज ऐकताना थोडे हसू येते, हे खरे. मग बेस गिटार सात मात्रांचा आपला आकृतिबंध सुरू करते, गाणे त्यावर चालते, सॅक्सोफोनही सातांतच वाजतो. आणि गिटारच्या स्वतंत्र वादनाची वेळ येताच सगळा वृंद चार मात्रांत उतरतो. वादन संपले की पुन्हा सात. रसिकांपैकी कित्येकांना हा बदल म्हणजे सुटकेचा निःश्वास वाटतो, आणि तो तसा आहेही. वादकाला मोकळे धावायचे होते, म्हणून त्याने सपाट रस्ता निवडला. परंतु त्यातच एक कबुलीही दडलेली आहे. सात मात्रा या वृंदाच्या अंगवळणी पडलेल्या नाहीत. त्या त्याने एका विशिष्ट परिणामासाठी, हावरटपणाच्या त्या लंगड्या चालीसाठी, उसन्या घेतल्या आहेत. गाण्याच्या आशयाशी ती चाल इतकी जुळते की उसनवारी क्षम्य ठरते.

गझलेतील सात मात्रा अशा उसन्या नाहीत, आणि सुरतेत राहणाऱ्याला हे पुस्तक न उघडताही कळते. औरंगाबादच्या वलीने सुरतेच्या वर्णनावर मसनवी लिहिली. पुढे गुजराती गझलेचे हे शहर माहेरघर बनले. गनी दहींवाला येथे कपडे शिवीत आणि गझला लिहीत. ‘मरीज’ १९१७ साली येथेच जन्मले. येथील मुशायऱ्यात तबला नसतो, ठेका नसतो. ‘रमल’ बहरातील ओळ नुसत्या आवाजावर चालते, आणि गालगागा गालगागा म्हणत पहिल्या रांगेतील म्हातारा नकळत मांडीवर हात मारीत असतो. या ‘गालगागा’ची फोड तीन-दोन-दोन अशी होते, रूपक तालाचे विभागही हेच. मराठीत हे वळण शास्त्रशुद्ध रीतीने रुजविण्याचे काम माधव जूलियनांनी केले. बडोद्यात १८९४ साली जन्मलेला, फारसीचा अध्यापक असलेला हा कवी गझलेकडे वळावा यात नवल नाही. नवल आहे ते ‘छंदोरचने’चे. १९२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९३७ साली नव्या रूपात आलेल्या त्या ग्रंथात त्यांनी मात्रावृत्तांची मांडणी आवर्तनावरून केली : आठ मात्रांचे पद्मावर्तन, सहांचे भृंगावर्तन, सातांचे हरावर्तन, पाचांचे अग्न्यावर्तन. आमच्या वर्गांतून ही नावे घोकली गेली. ज्या आवर्तनासाठी ती दिली गेली ते आवर्तन मात्र कोणी हातावर वाजवून दाखविले नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीची तीन अंगे सांगितली आहेत : संवाद, विरोध आणि समतोल. खानदेशात फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांचे हे विवेचन अमूर्त आहे असा आक्षेप विद्यार्थी नेहमी घेतात, आणि मीही ते शिकविताना उदाहरणांसाठी चाचपडत असे. ‘वाय-वाय-झेड’ने मला ते आयते दिले. पहिल्या सातांना दुसरे सात मिळतात हा संवाद. तिसऱ्या गटात एक मात्रा कमी पडते आणि लघुगुरूंचा क्रमही उलटतो हा विरोध. आणि या सर्वांची मिळून नेमकी वीस, म्हणजे चार चारांची पाच घरे भरतात, हा समतोल. हे शेवटचे अंग सहसा पहिल्या ऐकण्यात लक्षात येत नाही. पाय चारांचे घर धरून चालत राहतो, कान सातांचे गट ऐकत राहतो, आणि विसाव्या मात्रेनंतर दोघांची गाठ पडते. कळत नसताना ती गाठ जाणवते. कळल्यावर तिची वाट पाहता येते. विषमावर्तनाचे सुख मला विचाराल तर या वाट पाहण्यात आहे.

हे माप हाती आले की डावे-उजवे करता येते. जेनेसिस या वृंदाच्या ‘सपर्स रेडी’ या तेवीस मिनिटांच्या दीर्घ रचनेत (१९७२) ‘अपॉकलिप्स इन नाइन-एट’ नावाचा एक खंड आहे. खाली नऊ मात्रांची तीन-दोन-चार अशी वीण चालू असते, आणि वर की-बोर्डवादक त्या नवांची फारशी पर्वा न करता आपल्या वाटेने भटकतो. तो आता चुकला, आता खालच्यांची आणि त्याची कायमची फारकत झाली, असे वाटत असता दोघे एकत्र येतात. येथे विरोध ताणला आहे, पण समतोलाचे भान सुटलेले नाही. मला हा खंड या संपूर्ण संगीतातील उत्तम जागांपैकी एक वाटतो. याच्या उलट, पुढच्या काळात अशा कित्येक रचना झाल्या की ज्यांत दर दोन ओळींनी आवर्तन बदलते आणि श्रोत्याच्या मनात कोणतीही अपेक्षा रुजूच दिली जात नाही. जेथे अपेक्षा नाही तेथे अपेक्षाभंग तरी कशाचा होणार? या रचनांची मात्रागणना छापून प्रसिद्ध करणारे हौशी लोक आणि गण पाडून गुण देणारे आम्ही, यांत मला फारसा भेद दिसत नाही.

एका गोष्टीकडे मात्र या पाश्चात्त्य वादकांचे लक्ष फारसे गेले नाही. ती म्हणजे न वाजविलेली मात्रा. रूपक तालाची समच खाली असते. जेथे वजन पडावे तेथे हात मोकळा सोडतात. गुजरातीतील ‘झूलणा’ छंद, ज्यात नरसिंह मेहतांची प्रभातिये आहेत, त्याचेही असेच आहे. त्याच्या चरणात सदतीस मात्रा असतात. पाच पाच मात्रांचे सात गण आणि वर एक गुरू. चाळीस पुरे व्हायला तीन मात्रा कमी पडतात, आणि पहाटे गाणाऱ्याचा सूर त्या तीन मात्रांत लांबतो किंवा नुसता श्वास घेतो. कवीने लिहिलेल्या सदतीस मात्रांइतक्याच या न लिहिलेल्या तीन मात्रा छंदाच्या मालकीच्या आहेत. कागदावर त्या दिसणार नाहीत. सुरतेच्या नर्मद कवीने १८५७ साली ‘पिंगळप्रवेश’ लिहून गुजरातीत छंदांची शास्त्रीय चर्चा केली. त्यालाही मात्रा मोजूनच शिकवाव्या लागल्या असतील. पण ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांच्या कानात प्रभातिये आधीपासून होती. माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या कानात काय आहे याची मी चौकशीच केली नव्हती.

त्या शनिवारनंतर आमच्या बैठकीत मी ‘मनाचे श्लोक’ पुन्हा घेतले, या वेळी खडू न उचलता. मुलांना श्लोक येत होते. बहुतेकांना आजीने शिकविलेले होते. सर्वांनी मिळून म्हणायला सुरुवात केली आणि एक गोष्ट तत्काळ ध्यानात आली. समूहाने म्हणताना भुजंगप्रयाताच्या पाचांचे सहा होतात. गणारंभीचा लघू ओढला जातो, तो गुरूइतका होतो, आणि ती डुलती चाल सरळ कवायतीची होऊन बसते. शाळेच्या प्रार्थनेत आपण सर्वांनी हे असेच म्हटलेले आहे. पन्नास मुलांना एका आवाजात पुढे नेण्यासाठी सहा सोयीचे पडतात. पाच मात्रा आपल्या घरच्या खऱ्या. पण त्या घरात राहतात असे म्हणण्यापूर्वी घरात जाऊन पाहायला हवे होते. आपल्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या ज्या पक्षाचा वर उल्लेख केला, त्यात मीही होतो.

मग ज्याने ती रचना ऐकविली होती त्याने बाकावर बोटांनी एक-दोन-तीन-चार-पाच असा ठेका धरला, पहिल्यावर हलका आणि दुसऱ्यावर व चौथ्यावर जड. लघूला एक, गुरूला दोन. पहिले दोन श्लोक कोणालाच जमले नाहीत; तिसऱ्या श्लोकाच्या दुसऱ्या चरणात मुले ठेक्यावर आली, आणि चौथ्या चरणाच्या शेवटी मीच एक मात्रा मागे राहिलो. गुजराती मित्राने माझ्याकडे पाहून मान हलविली आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले.